खांबांना जखडलेल्या भिंती

बाबांची मिल बंद पडली तेव्हा आम्ही चौघं घाटकोपरच्या डोंगरावर एका खोलीत राहत होतो. बाबा मिळेल ते करायचे, कधी हमाली, कधी वॉचमनची ड्युटी. आई लोकांकडे पोळ्या लाटायची. घरात पुस्तक पसरायला जागा नसे, म्हणून शाळा सुटली तरी मी शाळेच्याच व्हरांड्यात अभ्यास करत बसायचे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मीच. सिव्हिल इंजिनिअर झाले, आणि हे मी मोठ्याने सांगते.

गेल्या वर्षी त्याच शाळेची इमारत तपासायला शाळा चालवणाऱ्या संस्थेने मला बोलावलं. व्हरांड्यात दोन खांबांमध्ये कमरेएवढी विटांची भिंत, वर मोकळं. पूर्वी तिथे लोखंडी कठडे होते. मुलं पडू नयेत म्हणून देणग्यांतून भिंती बांधल्या, आणि प्रत्येक भिंतीच्या टोकाला, निम्मी खांबावर, कुणाच्या तरी स्मरणार्थ संगमरवरी पाटी. भूकंपात खांबाला पूर्ण उंचीत वाकता यायला हवं. खालचा भाग भिंतीत जखडला की वरचा आखूड तुकडा सगळा धक्का खातो आणि तिथेच फुटतो. भिंत आणि खांब यांच्यात फट पाडायची, तर पाट्या काढणं भाग होतं.

"दात्यांना काय तोंड दाखवू?" संस्थेचे अध्यक्ष म्हणाले. "आणि इतकी वर्षं उभी आहे ना शाळा?"

"सर, मोठा धक्का बसला नाही म्हणून उभी आहे."

"तू आमचीच मुलगी ना गं? जरा सांभाळून लिही की."

तेच बोलणं तीन बैठकांत झालं. तिसऱ्या वेळी भांडायचंही त्राण उरलं नव्हतं. एवढंच म्हटलं, दुरुस्तीशिवाय मी इमारत सुरक्षित असल्याच्या दाखल्यावर सही करणार नाही. दुसरा इंजिनिअर बघा.

दुसरा बघितलाही असता. पण चौथ्या बैठकीला मी हट्टाने दात्यांनाच बोलवायला लावलं. खांबाचं सगळं पुन्हा समजावलं. नवऱ्याच्या नावाची पाटी असलेल्या एक आजी शांतपणे ऐकत होत्या.

"ह्यांचं जिवंतपणी कुणी दोन मिनिटं ऐकून घेतलं नाही," त्या अध्यक्षांना म्हणाल्या, "आणि आता पाटीला एवढं जपताय होय? काढा ती. माझी नात दुसऱ्या मजल्यावर बसते."

बाकीच्यांनी माना डोलावल्या.

मे महिन्याच्या सुट्टीत काम झालं. तिन्ही मजल्यांवर व्हरांड्याचे सगळे खांब भिंतींपासून सुटे केले, फटींत मऊ भरण घातलं, कमजोर खांबांना सळ्या आणि काँक्रीटचा नवा थर दिला. मग मी सही केली.