बाळाकडे न बघणाऱ्या मावशी

नव्या बाळाचं तोंड सगळ्यात शेवटी कोण बघतं, अशी सबंध बुलढाणा जिल्ह्यात शर्यत लागली असती, तर मोताळ्याच्या आमच्या समोरच्या मावशींनी ती डोळे मिटून जिंकली असती. त्यांना नाव होतं, पण सगळी गल्ली त्यांना समोरच्या मावशीच म्हणायची. त्यांच्या शेजारचे लोकसुद्धा. बाळंतिणीच्या घरी गेलं की माणसं आधी पाळण्याकडे धावतात, नाक कुणाचं आणि कान कुणाचे यावर वाद घालतात. मावशी पाळण्याला वळसा घालून सरळ बाजेपाशी जायच्या आणि विचारायच्या, "जेवली का वं?" नुसतं 'हो' म्हणून सुटका नसे. काय जेवली, किती जेवली, गरम होतं का, असा पंचनामा व्हायचा, आणि समाधान झालं नाही तर त्या स्वतः भाकरी थापायला बसत, मग चूल कुणाच्या का मालकीची असेना. चार मुलींवर मुलगा झाला म्हणून एक गृहस्थ दारातच पेढे घेऊन उभे होते. मावशींनी त्यांना कोपरानं बाजूला सारलं. "सरक बाप्पा. तुह्या पोराले पाहाले सारा गाव हाये. त्याच्या मायले कोन पाह्यते?" ताट रिकामं झालं की मगच त्या पाळण्यात डोकावत. कौतुकही बेताचंच. "हाव, चांगलं हाये," एवढं म्हणून पदर खोचून निघत.

त्यांचा भाजीचा मळा होता आणि आठवडी बाजारात त्या भाजी विकायला बसत. विकायला बसत हे आपलं म्हणायचं. पोटुशी बाई समोर आली की तिनं काय घ्यायचं ते मावशीच ठरवत. तिनं वांगी मागितली तर समोर वांग्यांचा ढीग असताना "वांगे सरले" म्हणत आणि तिच्या पिशवीत पालक, मेथी, शेवग्याच्या शेंगा कोंबत. वर भर बाजारात तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून आत लाली आहे का ते बघत. एकदा त्यांनी अशीच मामलेदारांच्या बायकोची पापणी ओढली आणि चार बायकांदेखत कितवा महिना म्हणून विचारलं. त्या बाई नुसत्याच अंगानं भरलेल्या होत्या. त्या संतापल्या, पण मावशी जराही ओशाळल्या नाहीत. "पोटात नसन कोनी. पन डोया त पांढरा फक हाये ना? मेथी घेऊन जा." बाई मेथी घेऊन गेल्या, हे मी स्वतः पाहिलं आहे.

मी मूळची तिकडची नव्हे. महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील, तेव्हा आमच्या ह्यांची मोताळ्याच्या शाळेत नेमणूक झाली आणि पुण्याकडची मी तिथं आले. सुरुवातीला मावशींची बोली ऐकून मला हसू यायचं, हे आज सांगायला लाज वाटते. माझी आई मी लहान असतानाच गेलेली, त्यामुळे पहिलं बाळंतपण तिथंच झालं. मुलगी झाली. आणि पाचव्या-सहाव्या दिवसापासून मला जे रडू यायला लागलं ते थांबेचना. घास तोंडात नुसता फिरायचा. पोर रडली की मी भिंतीकडे तोंड करायची. सासूबाई वाईट नव्हत्या. त्यांनी दृष्ट काढली, मीठ-मोहऱ्या चुलीत टाकल्या आणि "दुधासाठी तरी खा गं, बाळ उपाशी राहील," असं दिवसातून दहादा सांगितलं. त्या वाक्यानं मला आणखीच रडू यायचं. मी आणि ती एवढीशी पोर, दोघी दिवसादिवसानं वाळत चाललो होतो.

मावशी आल्या, पाळण्याला वळसा घालून बाजेवर बसल्या. "जेवली का वं, मास्तरीन?"

"मला हे बाळ नकोय मावशी," माझ्या तोंडून निघून गेलं.

सासूबाईंच्या हातातली वाटी खाली पडली. मावशींचा दुधात भाकरी कुस्करणारा हात थांबला नाही. "नको त नको. ते कुठं पळून नाई जात. तू जेव."

मग त्यांनी सासूबाईंना बाळ घेऊन ओसरीवर धाडलं आणि अगदी साध्या आवाजात मला सांगितलं, "माहं पोट्टं तिसऱ्या दिवशी गेलं. भावजयीनं डिंकाच्या लाडवाचा डबा भरून ठेवला होता. तो शेजारच्या बाळंतिनीले देऊन टाकला. मेल्या पोराच्या मायले कोन देते लाडू? दूध कोनासाठी आनाचं? पन भूक त लागे वं. भूक लागते म्हनून लाज वाटे."

मी घास घेतला. दुधासाठी नाही, बाळासाठी नाही. मला भूक लागली होती.

पुढे दीड महिना त्या रोज दुपारी येत होत्या. रडू आलं तर रडू देत. फक्त जेवताना नको, ठसका लागतो म्हणत. मास्तरांना हुकूम होता की शाळेतून आल्यावर पोर त्यांनी सांभाळायची आणि मला अंगणात उन्हाला बसू द्यायचं. गावात मास्तरांची थट्टा झाली, पण मावशींपुढे बोलायची कुणाची छाती? एका दुपारी हात धुतले आणि मी आपण होऊन पोरीला उचललं. तेव्हा कुठं मावशी पहिल्यांदा तिच्याकडे वाकल्या. "हाव, चांगलं हाये."

पुढे आमची बदली झाली. पोर चौथीत गेली तेव्हा मी डिंकाचे लाडू केले, मोठा डबा भरला आणि एसटीनं मोताळ्याला गेले. मावशी बऱ्याच थकल्या होत्या. डबा बघून म्हणाल्या, "कोन बाळंत झालं वं?"

"तुम्ही," मी म्हणाले. "डबा पोचायला जरा उशीर झाला."

त्यांनी डब्याच्या झाकणावरून हात फिरवला. मग एक लाडू फोडला, डिंक नीट फुलला नाही म्हणून मला बोलल्या, आणि एकापाठोपाठ एक असे दोन लाडू खाल्ले. डोळ्यांतलं पाणी पुसायला हात मोकळा नव्हता, म्हणून तसंच वाहू दिलं.

ती आमची शेवटची भेट. परवा माझी तीच मुलगी बाळंत झाली. मी पाळण्याला वळसा घातला, तिला गरम गरम वाढलं, ती जेवली आणि मगच नातवाकडे बघितलं. सगळं मावशींसारखंच केलं. त्या धावपळीत माझंच जेवण राहून गेलं, ते कुणाच्या लक्षात आलं नाही. दुपारी उशिरा एकटीच ताट वाढून घेतलं आणि उगाच दाराकडे बघत बसले.