दोन वेळा, पोटभर

दारिद्र्यरेषेच्या पाहणीत माझ्या आत्याला गुण जास्त पडले, म्हणून ती नापास झाली. ही परीक्षा उलटी होती. जितके गुण कमी, तितका माणूस गरीब; आणि जितका गरीब, तितकं घरकुलाच्या यादीत नाव वर. आत्याला घरकुल हवं होतं. जन्मात सरकारकडे तिनं एवढी एकच गोष्ट मागितली, आणि तीही माझ्या कानात, हळू आवाजात. इतकी वर्षं झाली, तरी आठवण आली की माझं डोकं तापतं. शांतपणे लिहायचं ठरवून बसले होते. ते जमेलसं दिसत नाही.

आमचं गाव राजूरपासून पायी जाण्यासारखं, आणि आमची वस्ती गावाच्या खालच्या अंगाला, ओढ्याला लागून. आत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. नवरा तरुणपणीच गेला, मूलबाळ नव्हतं, म्हणून ती माहेरच्या वस्तीत परत आली आणि आमच्या शेजारीच मातीचं छोटं घर बांधून राहिली. माय दिवसभर दुसऱ्यांच्या रानात असायची, त्यामुळे मला वाढवलं ते आत्यानं. एक्क्याऐंशी साली मला पहिलीत घातलं, तेव्हा वेणी घालून शाळेच्या दारापर्यंत सोडायला तीच यायची. पुढे मी डी.एड. केलं, जिल्हा परिषदेत लागले, हसनाबादकडच्या एका गावात शिकवायला गेले. माझी पहिली नेमणूक झाली तेव्हा वस्तीत साखर तिनं वाटली.

आमच्या वस्तीत सरकार अधूनमधून यायचं आणि दर वेळी नवी मोहीम घेऊन यायचं. आत्यानं एकही मोहीम सोडली नाही. साक्षरतेचे वर्ग निघाले तेव्हा ती कंदिलाच्या उजेडात पाटी घेऊन बसली आणि सही शिकली. तिचा हात धरून साहेबांनी फोटो काढून घेतला. बचत गट निघाला तेव्हा चार जणींना ओढून तिनंच आणलं. मग घरोघरी संडास आले. तिच्या घरामागे चार भिंती आणि पत्र्याचं दार उभं राहिलं. खड्डा मागाहून खणू म्हणून ठेकेदार गेला, तो गेलाच. आत्या त्यात गोवऱ्या रचून ठेवायची, पावसात कोरड्या राहायच्या.

तिचं राहतं घर मात्र खचत चाललं होतं. मागची भिंत पोट काढून बाहेर आली होती आणि मधोमध इतकी भेग, की तळहात आत जाईल. त्या भिंतीला टेकूनच तिची बाज. मी सुट्टीत आले की माझी नजर आधी त्या भेगेकडे जायची. एकदा ती म्हणाली, "तेवढं घरकुलाचं बघशीन का, बाई? दुसरं काई नको मला."

त्याच सुमाराला नवी पाहणी जाहीर झाली. आम्हा मास्तर लोकांना तालुक्याला बोलावून प्रशिक्षण दिलं. आता उत्पन्न विचारायचं नाही, असं सांगितलं. लोक उत्पन्न खोटं सांगतात, हे अभ्यासातून सिद्ध झालंय. म्हणून घर कसं आहे, कपडे किती, दिवसातून किती वेळा जेवता, संडास आहे का, शिक्षण किती, असं विचारायचं आणि गुण द्यायचे. राहणीमान खोटं बोलत नाही, असं ते साहेब म्हणाले. मलाही ते पटलं होतं. यादी गावसभेत वाचून दाखवायची, ज्याची हरकत असेल त्यानं उठून सांगायचं, म्हणजे सगळा कारभार लोकांच्या साक्षीनं होईल. ऐकायला किती छान.

मी नोकरीच्या गावात घरोघर फिरले आणि राहणीमान किती सफाईनं खोटं बोलतं ते पाहिलं. विहीरबागायतवाल्याच्या घरात टीव्हीवर गोधडी टाकलेली. म्हशी आदल्या दिवशीच मेव्हण्याच्या मळ्यात गेलेल्या. दावणीला शेण ताजं, आणि मालक हात जोडून म्हणतो, "मॅडम, एक टाइमाची भाकर बराबर भेटून न्हाई राह्यली." बोलताना त्याच्या डोळ्यांत पाणीसुद्धा आलं. ज्यांनी कधी उपास काढला नव्हता, त्यांना उपाशी माणसाची भाषा तोंडपाठ होती. मी लिहायचं ते लिहिलं, म्हशी आहेत असा शेरा मारला, आणि तो शेरा पुढे कुणीतरी काढून टाकला.

आमच्या गावची पाहणी उन्हाळ्याच्या सुट्टीत झाली. मी माहेरीच होते. सकाळी आत्याच्या घरी गेले आणि दारातच थांबले. अंगण सारवलेलं. फळीवर स्टीलची भांडी घासूनपुसून ओळीनं मांडलेली. आत्यानं वैशाखी पौर्णिमेला विहारात जाताना नेसायचं पांढरं लुगडं नेसलं होतं. आणि मागची भिंत चुन्यानं पांढरीशुभ्र. भेगेत तिनं चिखल भरला होता आणि वरून बुद्धाची तसबीर टांगली होती.

मी कपाळाला हात लावला. "आत्या, हे काय केलंस? भिंत दिसायला पाहिजे त्यांना."

"पाव्हने येनार हायेत," ती म्हणाली. "पडकं घर दावू का त्यांला?"

मी तसबीर काढायला गेले तर तिनं माझा हात धरला. तेवढ्यात माणसं आलीच. ग्रामसेवक, आणि त्याला घरं दाखवायला गावातल्या मोठ्या घरचा एक जण. हा ग्रामपंचायतीचा सदस्य होता, वयानं आत्याच्या मुलासारखा. ग्रामसेवक आमच्या घरून आणलेल्या खुर्चीवर बसला. सदस्य दारात उभा राहिला, आत आला नाही. आत्यानं दोघांना दुधाचा चहा केला. दूध माझ्या मायनं दिलं होतं. ग्रामसेवकानं प्यायला. सदस्याचा कप तसाच उंबऱ्यावर थंड झाला.

प्रश्न सुरू झाले. घर? चुना लावलेलं, वर पत्रे, गुण. शिक्षण? सही येते, गुण. संडास? ग्रामसेवकानं मागे डोकावून पत्र्याचं दार पाहिलं; गुण. मी म्हटलं, अहो, त्यात गोवऱ्या आहेत. तो म्हणाला, कागदावर संडास बांधलेला आहे, ताई, मला नाही लिहिता येत. कपडे किती? आत्या म्हणाली, पेटी भरून हायेत. मला माहीत होतं, त्या पेटीत गोधडीसाठी जमवलेल्या चिंध्या होत्या. ज्या ज्या मोहिमेत तिचं कौतुक झालं होतं, ती ती मोहीम त्या दिवशी तिच्यावर उलटली. सही शिकली म्हणून ती गरीब नाही. दाराचा आडोसा मिळाला म्हणून ती गरीब नाही. स्वच्छ राहते म्हणून ती गरीब नाही.

मग ग्रामसेवकानं विचारलं, "मावशी, दिवसातून किती वेळा जेवता?"

इथं एक गोष्ट सांगायला हवी. आत्या लहान होती तेव्हा आमच्या घराण्याला गावकीची कामं असत आणि त्याच्या बदल्यात संध्याकाळी टोपली घेऊन घरोघर भाकरी मागायला जावं लागे. ती टोपली आत्याच्या डोक्यावर असायची. ज्या मोठ्या घराच्या मागच्या दारी ती सगळ्यात जास्त वेळ ताटकळत उभी राहायची, ते घर या सदस्याचं. वाडग्यातलं उरलंसुरलं लांबून टोपलीत पडायचं. मग आमच्या लोकांनी धम्म घेतला. आजोबांनी टोपली चुलीत घातली आणि म्हणाले, आजपासून उपाशी मरू, पण मागणार नाही. पुढे कैक दिवस घरात चूल पेटली नाही, हे आत्या मला हसत हसत सांगायची. त्या दिवसांपासून आमच्या वस्तीत एक रीत पडली, ती कुणी शिकवत नाही, लेकरांना आपोआप येते. गावातल्या कुणीही जेवलात का म्हणून विचारलं, तर उत्तर एकच. पोटात काही असो वा नसो.

आणि आता सरकारनं तोच प्रश्न छापून पाठवला होता, आणि विचारताना साक्षीला त्याच घरचा माणूस दारात उभा केला होता.

"दोन येळा," आत्या म्हणाली. "पोटभर."

"आत्या, खरं सांग," मी म्हटलं. उन्हाळ्यात काम नसलं की ती एकदाच शिजवते आणि रात्री पाणी पिऊन झोपते, हे सगळ्या वस्तीला माहीत होतं. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी मागे सरले. सदस्य दारातून म्हणाला, "म्हनून राह्यली ना ती पोटभर, मंग लिहा की." ग्रामसेवकानं लिहिलं.

पावसाळ्याच्या तोंडावर गावसभा झाली, शाळेच्या पटांगणात. यादी वाचली गेली. आत्याचं नाव तिच्यात नव्हतं. सदस्याच्या चुलतभावाचं होतं; त्याचं सिमेंटचं घर शाळेच्या पटांगणातून दिसत होतं. कुणी हसलंसुद्धा नाही. मी एक दिवसाची रजा टाकून आले होते. उभी राहून म्हटलं, माझ्या आत्याची भिंत पडायला आली आहे, कुणीही येऊन बघा. ग्रामसेवक वाईट माणूस नव्हता. तो म्हणाला, "ताई, भिंतीला वेगळे गुण नाहीत. पण जेवणाचे आहेत. आजींनी स्वतः सभेत सांगितलं की एकच वेळ जेवते, तर मी आत्ता दुरुस्ती करतो. नियमच आहे तसा."

सगळं पटांगण आत्याकडे वळलं. ती बायांच्या मागे, अगदी कडेला बसली होती. सदस्य पुढच्या खुर्चीवरून मागे वळला. त्याच्या चेहऱ्यावर रागबिग काही नव्हता. गंमत बघत होता. "म्हन की म्हातारे," तो म्हणाला. "एकडाव म्हन. घर भेटून जाईन."

आत्या उठली. पदर सारखा केला. मला वाटलं, म्हणेल. मनात मी तिला विनवत होते, म्हण गं, काय जातं. काय जातं ते मला कळत होतं, आणि तरी मी विनवत होते.

"मी घर मागायला आल्ते," ती म्हणाली. "भाकर मागायला न्हाई आले." आणि घराकडे चालू लागली.

सभेच्या वृत्तांतात काय लिहिलं गेलं ते मी नंतर पाहिलं. हरकत नाही, असं लिहिलं होतं.

त्याच पावसाळ्यात भिंत पडली. आत्या रानात निंदायला गेली होती, म्हणून वाचली. बाज, पेटी, भांडी, सगळं चिखलाखाली. मी जाऊन तिला माझ्याकडे घेऊन आले. तिला यायचं नव्हतं. मी भांडले, रडले, शेवटी हाताला धरून गाडीत बसवली. वस्तीतली माणसं म्हणाली, भाची असावी तर अशी. मला त्या कौतुकाचा संताप आला. भाचीनं सांभाळायचं असेल, तर एवढी छापलेली प्रश्नपत्रिका, प्रशिक्षणं आणि सभा कशासाठी होत्या?

काही वर्षांनी जालन्याला एका कार्यशाळेत मला पाठवलं. बाहेरून आलेले एक अभ्यासक त्या पाहणीतून काय शिकलो ते पडद्यावर दाखवत होते. गरज नसलेले लोक यादीत घुसले, असं त्यांना आढळलं होतं. आणि खरे गरजू बाहेर राहिले, त्याचं कारण त्यांनी दिलं, जाणीवजागृतीचा अभाव. लोकांना आपली गरज मांडता येत नाही, ती मांडायला आपण शिकवलं पाहिजे, असं ते म्हणाले. पुढच्या मोहिमेत तसे वर्ग घ्यायचे होते. आजूबाजूचे वहीत उतरवून घेत होते. मी उठले आणि विचारलं, मागायला शिकवणार का तुम्ही आम्हाला? त्यांना माझा प्रश्न समजला नाही. सूत्रसंचालकानं वेळ कमी असल्याचं सांगितलं, आणि चहा आला.

माझ्या घरी खायला-प्यायला काही कमी नव्हतं. नवरा, मी, लेकरू, आणि आत्या. ती सगळ्यांना वाढायची, मागून बसायची. शाळेच्या गडबडीत बरेच महिने माझ्या ध्यानात आलं नाही. मग एकदा दुपारी अचानक घरी आले, तर चूल थंड, भाकरीचं टोपलं झाकलेलं, सकाळी मोजून ठेवल्यासारखं जसंच्या तसं, आणि आत्या भिंतीला टेकून बसलेली. मी विचारलं, जेवलीस का, तर ती नेहमीचं बोलली. मी टोपलं उघडून तिच्यापुढे आदळलं. माझा आवाज शेजाऱ्यांपर्यंत गेला असेल. सकाळचं एक जेवण, त्यावर दिवस. इतके महिने ती हेच करत होती. तिच्या पडक्या घरात नाइलाजानं जे करायची, ते माझ्या भरल्या घरात ती आपणहून करत होती.

"का गं?" मी म्हटलं. "इथं कशाची कमी आहे?"

ती माझ्याकडे पाहून जरा हसली, मला समजावत असल्यासारखी.

"कमी कशाचीच न्हाई, बाई," ती म्हणाली. "पर ह्ये तुझं घर हाय. आपलं घर असलं म्हंजी मानूस उपाशी बी ऐटीत ऱ्हातो. दुसऱ्याच्या घरी दोन येळा बसायला मला लाज वाटती."