चाळणीखालचं बी

नाना गेल्याचा फोन आला तेव्हा मी एका बारशाच्या पंगतीत तिसरी गोष्ट रंगवत होतो. आमच्या घराण्यात बोलायचं खातं माझ्याकडे, शेतीचं नाही. ह्याला पेरायला पाठवलं तर हा भाषण पेरून येईल, असं नानाच म्हणायचे. त्या दिवशी मात्र गोष्ट अर्धीच राहिली...

नाना माझे धाकटे चुलते. कोल्हारला प्रवरेकाठी त्यांचं रान. सगळं गाव टपोऱ्या सोयाबीनच्या मागे, आणि हे बारीक दाण्याच्या. पुण्यात मोड काढून विकणारे, सोयाबीन आंबवून पदार्थ करणारे काहीजण मुगाएवढाच दाणा मागत. तसा वाण आपल्या रानात तयार करायचा, हा त्यांचा ध्यास. सोयाबीनचं फूल तांदळाच्या दाण्याएवढं. भल्या सकाळी ते उकिडवे बसून चिमट्यानं एका वाणाचा पराग दुसऱ्याला लावत. बहुतेक फुलं गळून जात. दाणा बारीक साधला, तर शेंगा काढणीआधीच तडकून बी मातीत. खळ्यावर लोक चाळणीवरचं राखतात, नाना चाळणीखालचं राखायचे. शेजारी मोठ्या प्रेमानं आपले निवडक टपोरे दाणे आणून देत, तुमच्या बियाण्यात मिसळा म्हणत. नाना त्यांना चहा पाजत आणि नानी ते दाणे गव्हाच्या दळणात घाले.

गेल्या हंगामात एक ओळ कडक उन्हात वाळूनही तडकली नाही. तिचं बी स्टीलच्या डब्यात भरताना ते मला म्हणाले, "वक्ते, जमलंय बघ. आता येत्या पावसाळ्यात वाढवून घ्यायचं, झालं."

उन्हाळ्यातच ते गेले.

दशक्रियेनंतर नानीनं तो डबा त्यांच्या फोटोपाशी ठेवला. पेरणी तोंडावर आली तसा मी भीतभीत विषय काढला. ती म्हणाली, "त्यांच्या हातचं येवढंच ऱ्हायलंय. ऱ्हाऊ दे." पण सोयाबीनचं बी गव्हासारखं थांबत नाही. वर्ष उलटलं की त्याची उगवण जाते. हे एवढंसं वाक्य, पण आयुष्यभर तोंड चालवलेल्या माझ्या तोंडून निघेना. शेवटी तिनंच विचारलं, "पुढल्या साली उगवंल का रं हे?"

"न्हाई, नानी."

तिनं फोटोपाशचा डबा ओढून मांडीवर घेतला. मग उठून खिळ्यावरची चाळणी काढली. "चाळल्याबिगर पेरत नव्हते ते," म्हणाली. तिनं बी चाळलं, खाली पडलेलं ओटीत घेतलं आणि चप्पल न घालताच रानाकडे निघाली. मी मागून खुरपं घेऊन. मी लावलेल्या ओळी वाकड्याच निघाल्या, पण उगवल्या आहेत.

डबा आता रिकामाच फोटोपाशी असतो. चाळणी पुन्हा खिळ्यावर. परवा गेलो तर नानी गहू चाळत होती. खाली पडलेला बारीक दाणा ती आधी सरळ कोंबड्यांपुढे टाकायची. आता तळहातावर घेते, उजेडाकडे धरून जरा न्याहाळते... आणि मगच टाकते.