लंबूची भूमिका

शाळेमागच्या इस्त्रीच्या दुकानावर एक लांबट खोली होती. खालून गरम कपड्यांचा वास यायचा, लाकडी पायऱ्या कुरकुरायच्या आणि पोरं त्यावर मुद्दाम नाचत वर यायची. तिथं माझी मावशी मुलांचा नाटकाचा तास घ्यायची. आता तिथं कुणीतरी पडद्यांची कापडं विकतं. त्या बाजूला गेले की मी अजूनही वर बघते.

मावशीची नाटकं कधी कुणी तिकीट काढून पाहिली नाहीत. तिची पद्धतच वेगळी. दोन मुलांचं भांडण झालं की दोघांनी एकमेकांची भूमिका करायची, आणि समोरचा ‘हो, मी असाच’ म्हणेपर्यंत सुटका नाही. शाळेतल्या बाई याला नाट्योपचार म्हणायच्या. मावशी म्हणायची, “उपचार वगैरे काही नाही गं. दुसऱ्याच्या पोटात काय चाललंय ते जरा बघायचं.” शनिवारी तास खोलीत, बुधवारी कॉम्प्युटरवर. कॉम्प्युटरशी तिचं विळ्या-भोपळ्याचं नातं, म्हणून ते काम माझ्या गळ्यात पडलं होतं. आवाज बंद ठेवून ती तावातावानं बोलत राहायची आणि मुलंही शहाण्यासारखी माना डोलवायची.

एका वर्षी तासाला लंबू नावाचा एक उंच, लाजरा मुलगा होता. तो अडखळत बोलायचा. आणि एक होती वकिलीणबाई, एवढीशी पोर, पण जिभेला हाड नाही. तिनं शाळेत त्याची नक्कल केली, वर्ग खो खो हसला आणि लंबूनं शाळा सोडून घर धरलं. तासालाही येईना. त्याची आई मावशीकडे आली. “परीक्षेपर्यंत गेला नाही तर घरीच शिकवू म्हणतात हे. मग तो कुणाशीच बोलणार नाही हो,” म्हणाली आणि तिला रडू आवरेना.

मावशीनं वकिलीणबाईला लंबूची भूमिका दिली. मी म्हटलं, “अगं, ती पुन्हा नक्कलच करेल.” मावशी विचारात पडली. मग तिनं मुलीला बोलावून सांगितलं, “अडखळून दाखवायचं नाही. आधी त्याची माफी माग. आणि बोलायची वेळ आली की त्याला आत काय होतं, ते त्यालाच विचार.”

बुधवारी मी दोघांची कॉम्प्युटरवर गाठ घालून दिली आणि बाहेर जाऊन बसले. लंबूचा कॅमेरा बंद होता. दारातून ऐकू आलं तेवढं सांगते: वकिलीणबाईनं माफी मागितली, प्रश्न विचारला आणि, आयुष्यात पहिल्यांदाच असावं, उत्तर येईपर्यंत गप्प बसली. बराच वेळ बसली.

शनिवारी मुलं खोलीत जमली. लंबू घरूनच कॉम्प्युटरवर बघत होता, कॅमेरा बंदच. मावशी वर्गातली बाई झाली आणि हजेरी घेऊ लागली. वकिलीणबाई शेवटच्या खुर्चीवर. नंबर जवळ येऊ लागला तशी ती तळवे फ्रॉकला पुसू लागली, ओठ आतल्या आत हलू लागले. तिचा नंबर आला. ती उभी राहिली, तोंड उघडलं, पण शब्द काही येईना. या वेळी कुणी हसलं नाही.

“हजर, असंच ना बाळा? बस हं,” मावशी मायेनं म्हणाली.

मुलगी बसली नाही. “इथंच दुखतं त्याला,” ती म्हणाली. “हसलेलं एक वेळ चालतं म्हणतो तो. पण मावशी, तुम्ही दर वेळी त्याचा शब्द स्वतःच बोलून टाकता. मग त्याला वाटतं, आपण नाही बोललो तरी कुणाचं काही अडत नाही.”

मावशीचा चेहरा पडला. लोकांची वाक्यं पुरी करायची तिची जुनी खोड. आम्ही घरातले त्यावरून तिची टर उडवायचो. मला त्या मुलीचा रागच आला. आमच्या मावशीला चारचौघांत बोलते म्हणजे काय.

मावशी कॉम्प्युटरकडे वळली. “हो,” ती म्हणाली, “मी अशीच.” मग तिनं पुन्हा हजेरी सुरू केली, आणि शेवटी लंबूचा नंबर पुकारला.

“ह... ह...” कॉम्प्युटरमधून आवाज आला आणि थांबला. पुन्हा आला, पुन्हा थांबला. मावशीनं दोन्ही हात स्वतःच्या तोंडावर दाबून धरले. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण हात निघाले नाहीत.

“हजर,” लंबू म्हणाला, आणि त्यानं कॅमेरा सुरू केला.