जर्मनीतल्या भिंतीची ओल

“साहेब, पोरीच्या घराला ओल येऊन राहिली. तुमी जरा पाहून घ्या.”

कांतामावशी माझ्या हिंगोलीच्या ऑफिसात येऊन बसल्या होत्या. मी सिव्हिल इंजिनिअर. आमच्याच जिल्ह्यातल्या गोरेगावचं त्यांचं घर मीच बांधलेलं.

“पाहतो की. कुठं राहते वैशाली?”

“जर्मनीत.”

मला हसू आलं. मावशी हसल्या नाहीत. त्यांनी व्हिडिओ कॉल लावून मोबाइल माझ्यापुढे धरला.

वैशाली तिथल्या दवाखान्यात नर्स आहे. मांडीवर दोन वर्षांची लेक होती, सारखी खोकत होती. मागे भिंतीच्या कोपऱ्यात काळी बुरशी दिसत होती.

“काका, घरमालक म्हणतो चूक तुमचीच. नीट करा नाहीतर घर सोडा. इथं परक्या माणसाला घर लवकर मिळत नाही. मिळतं ते रिकामं. किचनचा ओटासुद्धा आम्हीच आणून बसवलाय.”

आपल्याकडे ओल म्हणजे गच्ची गळते, नाहीतर भिंतीतला पाइप फुटतो. थंड देशातल्या घरांचा मला अनुभव नाही, हे मी तिला आधीच सांगितलं. पण एक साधी टेस्ट माहीत होती. ॲल्युमिनियम फॉइलचा तुकडा चारही कडांना टेप लावून भिंतीवर चिकटवायचा. दोनेक दिवसांनी फॉइलच्या मागे पाणी दिसलं, तर ओल भिंतीतून येते. पुढच्या बाजूला दिसलं, तर ती घरातलीच वाफ. गार भिंतीला लागून तिचं पाणी होतं.

पुढच्या कॉलला मावशी पुन्हा माझ्यासमोर होत्या. थेंब पुढच्या बाजूला होते.

“मालकाचं बरोबर आहे,” मी म्हणालो. “खिडक्या उघडतेस का?”

“थंडी असते, काका.”

“निदान स्वयंपाक करताना?”

“तेव्हा तर नाहीच. फोडणीचा वास जातो ना बाहेर. आम्ही नवीन आलो तेव्हा वरच्या आजींनी जिन्यात नाक दाबलं होतं. तेव्हापासून दारं-खिडक्या लावूनच स्वयंपाक करते. कपडेपण आतच वाळवते. कुणी काही बोलायला नको.”

मावशी पुढे सरकल्या. “काहून गं? चोरी करून राहिली का तू तिथं? तुहं घर हाय ते. जाऊन इचार त्या म्हातारीला, काय तकलीफ हाय तिला.”

“आई, इथं तसं नसतं.”

“इचारून तर पाय!”

बरेच दिवस वैशालीचा धीर झाला नाही. शेवटी गेली. आजींनी सरळच सांगितलं, लसणाचा वास त्यांना सहन होत नाही. पण त्यासाठी घर कोंडून कशाला घ्यायचं? फोडणी टाकायच्या आधी दार वाजव, मी माझी खिडकी लावून घेईन.

मग वैशालीने औषध लावून बुरशी काढली आणि दिवसातून तीन-चारदा खिडक्या सताड उघडायला सुरुवात केली. भिंत हळूहळू वाळली. लेकराचा खोकला गेला. मालक पुन्हा काही बोलला नाही. आजी एकट्याच राहतात. एखाद्या दिवशी दार वाजलं नाही, तर त्याच खाली येऊन विचारतात, आज स्वयंपाक नाही का?

मी अजून जर्मनी पाहिलेली नाही. पण आता ओलीची तक्रार आली की भिंतीला हात लावायच्या आधी घरातल्या माणसांना विचारतो, खिडकी उघडता का? आणि नसाल उघडत, तर कुणाला भिऊन?