रोजच्या तांदळासारखी लेन्स

माझ्या मोठ्या साडूंइतका विचार करून या जगात कोणी काही विकत घेत नसेल, आणि त्यामुळेच असेल, त्यांनी आयुष्यात फारसं काही विकत घेतलेलं नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल गावच्या एका राइस मिलमध्ये त्यांची सारी नोकरी धान पारखण्यात गेली. गाडीतून पोती उतरली की पोकळ टोकदार सळई पोत्यात खुपसायची, आतून आलेले दाणे तळहातावर घ्यायचे, एक दाताखाली चावायचा आणि डोळे मिटून ओल किती ते सांगायचं. सळई प्रत्येक पोत्यात तीन जागी जायची: वर, मध्ये आणि तळाशी. "वरचा दाणा देखाव्याचा, मधला देवाचा, खालचा खरा," असं ते म्हणत. इथवर कोणाची काही तक्रार नव्हती. पण हा नियम त्यांनी पोत्यापुरता ठेवला नाही. छत्री घ्यायची होती तेव्हा दुकानातून नमुना मागून आणून ते हातपंपाखाली ती उघडून अर्धा तास बसले आणि शेजाऱ्याला पंप मारायला लावला. छत्री पास झाली, शेजारी दोन दिवस अंथरुणाला होता. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीला, जिला आम्ही सगळे बाई म्हणतो, पाहायलासुद्धा ते तीनदा आले होते. एकदा सकाळी, एकदा भर दुपारी आणि एकदा न कळवता. बाई अजून सांगते, "मी हो म्हटलं ते हा माणूस चौथ्यांदा येऊ नये म्हणून."

अशा माणसाला त्याच्या पुण्याच्या भाच्याने आपला जुना डिजिटल कॅमेरा देऊन टाकला. भाच्याने नवा घेतला होता आणि लेन्स स्वतःकडे ठेवून नुसता कॅमेरा पाठवला होता. लेन्स तुमच्या आवडीची घ्या, असं त्याने चिठ्ठीत लिहिलं. हे वाक्य साडूंना लिहायला नको होतं. पुढचं दीड वर्ष तो कॅमेरा त्यांच्या गळ्यात बिनलेन्सचा लोंबत होता. पुढच्या भोकावर त्यांनी लोणच्याच्या बरणीचं झाकण बसवलं होतं. लग्नाकार्यात लोक समोर येऊन उभे राहत, केस नीट करत, आणि साडू कोणाचा हिरमोड नको म्हणून बटणही दाबत. कोणी विचारलंच तर म्हणत, "डोळा यायचा हाये."

दीड वर्ष ते लेन्स निवडत होते. परवडण्यासारखी एकच मिळणार होती, त्यामुळे चूक होऊन चालणार नव्हतं. मी पूर्वी कधीतरी एक साधा कॅमेरा वापरला होता, म्हणून त्यांच्या लेखी मी तज्ज्ञ. चंद्रपूरला माझ्या ऑफिसात त्यांचा फोन यायचा. प्रश्न नेहमी लेन्सच्या आकड्यांचा; त्यातला दुसरा आकडा जितका मोठा, तितकं लांबचं जवळ दिसतं.

"साडभाऊ, अठरा-पंचावन्न घेऊ का अठरा-एकशे पस्तीस?"

"तुम्हाला कशाचे फोटो काढायचे आहेत?"

"रोजचे. मले लग्नाचा तांदूळ नाई पाह्यजे, रोजच्या जेवणातला पाह्यजे. सकाळी भात, रातच्याले भात, पाहुणा आला तरी तोच भात."

मग कोणती वस्तू किती लांबून पाहावी लागते याचा ते शोध घेऊ लागले. अंगणातून पावलं मोजत निघायचे आणि वहीत लिहायचे. ती वही मी पाहिली आहे. "गाय, आठ पावलं. बाई, सहा पावलं. बाई रागात, वीस. सरपंच, जितका लांब तितका बरा. वाघ, लागत नाही." शेवटच्या पानावर लिहिलं होतं, "बस, वळणापर्यंत, दोनशे दहा." त्यांचं घर मूलच्या अलीकडच्या एका खेड्यात, अगदी रस्त्याला लागून. दारातून निघालेला रस्ता बांध्यांमधून, म्हणजे धानाच्या खाचरांमधून, सरळ जातो आणि मोहाच्या झाडापाशी वळतो. बसचा फोटो कोणाला कशाला हवा असेल, असं वाटून मी हसलो आणि पान उलटलं. विचारलं नाही. तेव्हा विचारलं असतं तर पुढचं घडलं नसतं.

अखेर त्यांचं ठरलं: अठरा-एकशे पस्तीस. मी मे महिन्यात ऑफिसच्या कामाने नागपूरला निघालो होतो. त्यांनी कॅमेरा, पैसे आणि तीन सूचना दिल्या. जवळचं, मधलं, लांबचं, अशा तीन जागी लेन्स पाहायची. "दुकानदार नाई म्हणाला तर सांगा, दाणा चावल्याबिगर आम्ही पोतं उचलत नाई."

आता मला जे सांगायचं आहे ते मी माझ्या बायकोलाही बरीच वर्षं सांगितलं नव्हतं. दुकानदार म्हणाला, एकशे पस्तीस गोदामात आहे, चारनंतर या. एक वाजला होता. नागपुरातलं मे महिन्यातलं ऊन काय असतं ते तिथे गेलेल्यालाच माहीत. माझी बस अडीचला होती. काउंटरवर पंचावन्नवाली होती, ती मी उचलली. एका जागीसुद्धा पाहिली नाही. परत येऊन साडूंना सांगितलं, "ती एकशे पस्तीस बनवणंच बंद झालं आहे." उरलेले पैसे पूर्ण परत दिले आणि त्यामुळे आपण प्रामाणिक आहोत असं मला दोन दिवस वाटत राहिलं.

साडूंनी अंगणात लेन्स लावली. जवळचा म्हणून तांदळाचा दाणा पाहिला. मधली म्हणून बाई पाहिली. मग रस्त्याकडे वळून त्यांनी लेन्सची कडी फिरवली. ती थांबली. आणखी थोडी फिरेल म्हणून त्यांनी हलकेच जोर लावून पाहिला, जसं ते रिकाम्या पोत्यात हात घालून पाहत.

"इथीच संपते का हो?"

"संपते," मी म्हणालो.

त्यांची एकुलती एक मुलगी नर्सिंगच्या शिक्षणासाठी पुण्याला निघाली, त्या सकाळी मी तिथेच होतो. रोवणीचे दिवस, बांध्या पाण्याने भरलेल्या. नागपूरची बस दारात थांबली, ती चढली, खिडकीतून हात बाहेर काढला. साडूंनी सहा पावलांवरून फोटो काढला. बस निघाली. तेव्हा मला वहीतलं ते शेवटचं पान आठवलं.

साडू कॅमेरा डोळ्याला लावून उभे होते. हात लहान होत चालला तशी त्यांनी कडी फिरवली, ती थांबली. मग ते स्वतः निघाले. पंचावन्न वर्षांचा माणूस, कॅमेरा डोळ्याला, पायजमा गुडघ्यापर्यंत वर, बसच्या मागे धावतो आहे. लेन्स पुढे जात नव्हती म्हणून ते पुढे जात होते. बांध्यांत रोवणी करणाऱ्या बाया ओरडल्या, "अवं थांबवा, म्हातारा राहून गेला." ड्रायव्हरने बस थांबवली. कंडक्टर उतरला.

"चढा लवकर, काका."

"मले नाई जायचं."

"मंग कायले पळून राह्यले?"

"तुम्ही जा ना. मले बस जाताना पाह्यजे."

काही विसरलं असेल म्हणून मुलगीही उतरली. "बाबा, काय झालं?"

"काही नाई. तू बस. हात मात्र तसाच ठेव."

ती पुन्हा चढली. बस पुन्हा निघाली. या वेळी साडू धावले नाहीत, धापच इतकी लागली होती. बस मोहापाशी वळली आणि त्यांनी बटण दाबलं.

तो फोटो मोठा करून त्यांनी भिंतीवर लावला. रस्ता आहे, पाणी आहे, मोहाचं झाड आहे. बस काडेपेटीएवढी, आणि तिच्या कडेला एक ठिपका. साडू म्हणतात, तो मुलीचा हात आहे; बाई म्हणते, कंडक्टरचा. यावरून त्या घरात अजून भांडण होतं.

त्या फोटोसमोर मला बसवेना. वर्षभराने मी एकशे पस्तीस विकत घेतली, घेऊन गेलो आणि सगळं सांगून टाकलं. साडू तांदूळ निवडत होते.

"ठाऊक हाये," ते म्हणाले. "पोट्टीनं ही लेन्स पुण्यात दुकानात पाह्यली. तवाच फोन केला होता."

"मग मला बोलला का नाहीत?"

"त्या दिवशी नागपूरहून तुम्ही आले तर सदरा पाठीले चिकटला होता. माणसाचाही दाणा तीन जागी पाहा लागते, साडभाऊ. एका जागचा ओला निघाला म्हणून पोतं कोणी फेकत नाई."

नवी लेन्स त्यांनी घेतली, ओल लागू नये म्हणून तांदळाच्या डब्यात ठेवली, आणि आजवर वापरलेली नाही. म्हणतात, अजून पाहून राह्यलो. मुलगी सुट्टी संपवून निघाली की ते त्याच जुन्या लेन्सने, दारातच उभं राहून बसचा फोटो काढतात. भिंतीवर आता अशा बऱ्याच बसा झाल्या आहेत.

गेल्या दिवाळीनंतर त्यांनी मला नव्या फोटोपुढे उभं केलं. "पोट्टी दिसली का?"

मी जवळ गेलो, मागे सरकलो, कडेने पाहिलं. तीन जागांवरून पाहिलं.

"दिसली," मी म्हणालो.