थर्मास उभा राहील अशी बॅग

मोटरसायकलच्या टाकीवरची बॅग निवडायला एलिदा आली ती थर्मास काखेत मारूनच. सिएर्रा ग्रांदे गावात थर्मासशिवाय कोणी घराबाहेर पडत नाही हे खरं, पण आन्सेल्मोच्या गॅरेजात शिरल्याशिरल्या तिने तो फळीवर ठेवला आणि म्हणाली, "हा ज्यात उभा राहील ती दाखव."

"अगं, लोक आधी लायसन नि कागद घालून बघतात," आन्सेल्मो चिंधीला हात पुसत म्हणाला.

"कागद कुठेही मावतात. थर्मास आडवा झाला की गळतो."

कोपऱ्यात आन्सेल्मोची बहीण पोरोता विणत बसली होती. सुयांवरची नजर न काढता ती म्हणाली, "एकटीला एवढं गरम पाणी लागतंय कशाला, ते विचार आधी."

एलिदाने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. सत्तावन्न वर्षांच्या बाईला या गावात हे जमावंच लागतं.

आन्सेल्मोकडे जुन्या बॅगा तीनच होत्या. पहिली लोहचुंबकाची. टाकीवर ठेवली की आपोआप चिकटते, पेट्रोल भरताना नुसती उचलायची, पट्टे नाहीत, बकलं नाहीत. त्याने मोठ्या ऐटीत ती एलिदाच्या मोटरसायकलवर ठेवली आणि ती तितक्याच ऐटीत घसरून जमिनीवर पडली. त्या मोटरसायकलच्या टाकीला प्लास्टिकचं आवरण होतं.

पोरोताच्या सुया थांबल्या. "अख्खं गाव लोखंडाच्या खाणीवर वसलं, पोरांच्या दातांतसुद्धा लोखंड सापडेल, आणि हिची टाकी तेवढी प्लास्टिकची!"

हसू ओसरल्यावर दुसरी बॅग आली. छोटी, चपटी, पट्ट्यांनी बांधायची. थर्मास तिच्यात आडवाच. तिसरी मात्र चांगली दोन वीत उंच होती, वर नकाशा ठेवायला पारदर्शक खिडकी. थर्मास आत उभा राहिला, ताठ, शाळेतल्या पोरासारखा.

"ही," एलिदा म्हणाली.

"नको घेऊस ही. तुझी उंची ती केवढी! छातीला लागेल. चपटी घे, रस्ता दिसेल," आन्सेल्मो म्हणाला.

"छातीला लागली तर लागू दे."

तिने सीटवर बसून बॅगेवर दोन्ही हात ठेवून पाहिले. समोर काहीतरी होतं. एवढंच तिला हवं होतं, पण हे आन्सेल्मोला सांगण्यासारखं नव्हतं, आणि पोरोतासमोर तर नाहीच. त्याने हँडल डावीकडे-उजवीकडे वळवायला लावलं. बॅगेत तेव्हा थर्मास एकटाच होता. कशाला काही अडलं नाही.

बावीस वर्षं एलिदा मोटरसायकलवर नवऱ्याच्या, रुबेनच्या, मागे बसली होती. रुबेनला टाकीवरच्या बॅगेची कधी गरज पडली नाही. कागद, चिल्लर, नकाशा, त्याचा वाचायचा चष्मा, पोटाच्या गोळ्या, सिगारेटी, सगळं हिच्या पाठीवर नाहीतर मांडीवर. तो गाडी चालवता चालवता नुसता डावा हात मागे करायचा आणि हवी ती वस्तू त्या हातात यायची. मोटरसायकल क्लबातली मंडळी म्हणायची, सगळ्यांच्या बॅगा गप्प असतात, रुबेनची तेवढी बोलते. एलिदाही हसायची. त्या बावीस वर्षांत तिने अर्धा देश पाहिला, पण उजव्या खांद्यावरून दिसेल तेवढाच. समोर कायम त्याच्या कातडी जाकिटाची पाठ आणि त्या पाठीवरचं क्लबाचं झिजत चाललेलं चित्र. वारा त्याच्या छातीला लागायचा, हिला नाही.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी तिने नेहमीसारखी येर्बाची भोपळी, सुक्या भोपळ्याचा तो कडू पाल्याचा पेला, गरम पाण्याने भरून त्याच्या हातात दिली. त्याने नळीने कडू पाणी ओढलं, भोपळी परत केली आणि म्हणाला, "ग्रासियास." आता तिकडे भोपळी परत करताना कोणी आभार मानत नाही. नुसती पुढे करायची, भरणारा पुन्हा भरतो. तो शब्द उच्चारला की त्याचा अर्थ एकच, मला आता नको. रुबेन एका बैठकीला सात-आठ भोपळ्या सहज रिचवणारा. पहिल्याच भोपळीला तो शब्द ऐकून एलिदाने किटली खाली ठेवली, आणि मग तिला दाराशी बांधून ठेवलेलं त्याचं सामान दिसलं.

तो कोमोदोरोला गेला, औषधांचं दुकान चालवणाऱ्या एका बाईकडे. मालवाहू गाडी नेली, मोटरसायकल ठेवून गेला. त्या बाईचे कान वाऱ्याने दुखतात म्हणे. गावाने धरूनच टाकलं, एलिदा आता मोटरसायकल विकणार. तिने विकली नाही. खाणीच्या बंद रस्त्यावर पाच महिने चालवायला शिकली, दोनदा पडली, एकदा रडली. पण गावाबाहेर मात्र गेली नव्हती.

"शनिवारी मादरिनला क्लबाचा मेळावा आहे," पट्टे आवळताना ती आन्सेल्मोला म्हणाली. "एकशेचाळीस किलोमीटर. पोचले तर गाडी माझी. अर्ध्यातून परतले तर सोमवारी तू घेऊन जा. दोनदा विचारलंयस ना?"

"रुबेन येणारे तिथे?"

"नाही. त्याने क्लब सोडला."

"मग तिथे आहे कोण तुझं?"

एलिदाने बकल लावलं. "ते तिथे गेल्यावर कळेल."

शुक्रवारी संध्याकाळी तिने बॅग भरली. भरताना ती रेडिओ ऐकत होती. हातांना सवय होती, त्यांचं ते करत होते. बॅग फुगली, चेन ओढायला गुडघा लावावा लागला. तिला वाटलं, अशीच असते वाटतं.

शनिवारी सकाळी दक्षिणेची वाट धरली तेव्हा पश्चिमेचा वारा उजवीकडून येत होता. पहिले वीस किलोमीटर बरे गेले. मग समोरून ट्रक येऊ लागले. प्रत्येक ट्रक आधी वाऱ्याचा लोट अंगावर ढकलायचा आणि मग एकदम ओढून घ्यायचा, की गाडी हातभर सरकायची. एलिदाने हनुवटी बॅगेवर टेकवली आणि तिला मिठी मारल्यासारखी ओणवी झाली. तशी ती बावीस वर्षं बसली होती. पण बॅग वाऱ्याने हलत होती, आतला येर्बाचा डबा खडखडत होता, आणि ऊब मुळीच नव्हती. साठाव्या किलोमीटरला तिचे दंड भरून आले. रस्ता सरळ, दोन्हीकडे खुरटी झुडपं, कुंपणाची तार, आणि माणूस नावाला नाही. पडले तर कोण बघणार, हा विचार आला आणि मग तो जाईचना.

पुढे लाल निशाणं दिसली. वाटसरूंना सांभाळणाऱ्या गाउचितोचं देवस्थान. रस्त्याकडेचं हातभर घर, आत लाल रुमालातली मिशीवाली मूर्ती, पुढ्यात दारूच्या बाटल्या नि सिगारेटी. येणारा-जाणारा प्रत्येक जण इथे हॉर्न वाजवतो. रुबेन वाजवायचा. एलिदाने आजवर कधी वाजवला नव्हता. मागे बसणाऱ्याकडे हॉर्न असतो कुठे?

इथेच वळायचं, तिने ठरवलं. सोमवारी आन्सेल्मो येऊ दे. मागेपुढे पाहून तिने हँडल पूर्ण डावीकडे फिरवलं.

आणि हॉर्न वाजला. फुगलेली बॅग बटणावर दाबली गेली होती आणि हँडल तिथेच अडकलं होतं. हॉर्न वाजतोय, थांबत नाही. एलिदा गोंधळली, गाडी बंद पडली, कलली. तिने पाय रोवून कशीबशी सावरली. इंजिन थांबलं तरी हॉर्न चालूच. शेवटी तिने बॅगेला ढोपराने ढकललं तेव्हा कुठे तो गप्प झाला.

देवस्थानामागे उभ्या ट्रकच्या आडून एक पोट सुटलेला माणूस धावत आला. त्याने गाडी धरून बाजूला घ्यायला हात लावला.

"सेन्योरा, मी कोरियेन्तेसचा, गाउचितो आमच्याच मुलखातला. पण एवढा वेळ हॉर्न मीसुद्धा कधी दिला नाही. मागितलंत तरी काय?"

"काही नाही हो. बॅग दाबतेय."

"बघू." त्याने बॅगेवर हात ठेवला. "यात काय घर भरलंय? काढा थोडं."

एलिदाने चेन उघडली. वर लोकरी टोपी, तिच्या डोक्याला दोन बोटं मोठी. मग वाचायचा चष्मा, पुरुषी काड्यांचा. पोटाच्या गोळ्यांची पट्टी. सिगारेटचं पाकीट. पावात घातलेले मांसाचे तळलेले तुकडे, दोन पुड्या. ती एकेक वस्तू काढत होती आणि काढताना स्वतःच बघत होती. हे सगळं काल तिच्याच हातांनी भरलं होतं.

"साहेब मागून येताहेत?" ट्रकवाल्याने विचारलं.

"नाही. कोणी येत नाहीये."

ट्रक चालवणाऱ्यांना पुढचं न विचारायची अक्कल असते.

सिगारेटी तिने गाउचितोपुढे ठेवल्या. टोपी त्याच्या छपराच्या खिळ्याला अडकवली. चष्माही ठेवला. गोळ्या हातात घेऊन ती थबकली.

"ठेवा, ठेवा," ट्रकवाला म्हणाला. "भक्त एवढी दारू पाजतात, त्याचंही पोट बिघडत असेल."

एलिदा हसली. गोळ्या तिथे ठेवताना तिला आठवलं की रुबेन आता औषधांच्या दुकानातच राहतो. पावाची एक पुडी तिने ट्रकवाल्याला दिली. मग थर्मास काढला, भोपळी भरली आणि त्याच्यापुढे धरली. बऱ्याच महिन्यांनी ती दुसऱ्या कोणासाठी भरत होती. त्याने वाऱ्याकडे पाठ करून शेवटपर्यंत ओढली, नळी वाजली. एलिदाने पुन्हा भरायला थर्मास उचलला.

"ग्रासियास, सेन्योरा," तो म्हणाला. "माल पोचवायचाय, उशीर झालाय."

ट्रक उत्तरेकडे गेला. जाताना त्याने हॉर्न दिला, आखूड.

एलिदाने स्वतःसाठी भोपळी भरली. मग दुसरी. तिसरी. आपली आपणच भरून पिणाऱ्याला पुरे म्हणायची सोय नसते, कोणाला म्हणणार? पाणी कोमट झालं तेव्हा ती थांबली.

बॅग आता अर्ध्यावर आली होती. काल ताणून सैल पडलेली ती वाऱ्याने कलंडत होती, थर्मास उभा राहीना. तिने झाकण घट्ट आवळून तो आडवा घातला, पट्टे ओढून बॅग टाकीला चपटी बांधली. सीटवर बसली. समोर काही नव्हतं. वारा सरळ छातीला लागत होता, आणि रस्ता दिसत होता, मधोमध, शेवटपर्यंत. तिला तो आवडला असं नाही.

तिने हँडल पूर्ण डावीकडे वळवलं. हॉर्न वाजला नाही. उजवीकडे वळवलं. काही नाही.

मग तिने अंगठ्याने तो स्वतः वाजवला, एकदाच, आणि गाडी दक्षिणेला घातली. ऐंशी किलोमीटर राहिले होते.